खोली क्रमांक चार

खोली क्रमांक चारचा हिवाळा
माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो.
सकाळी नवाला दिवा लागतो, संध्याकाळी पाचला विझतो,
बारा सप्टेंबरपासून रोज, रविवार धरून.
बाहेर ॲबर्डीनमध्ये डिसेंबरात एवढाही उजेड नसतो.
साडेतीनला समुद्र आणि रस्ता एकाच रंगाचे होतात,
ग्रॅनाइटच्या भिंती
ओल्या पाटीसारख्या दिसतात.

आत एकशे वीस हॅमस्टर. सैबेरियाचे म्हणायचे,
त्यांच्या खापरपणज्यांनीसुद्धा बर्फ पाहिलेला नाही.
तरी अंधार मोजता येतो त्यांना.
इशबेलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं:
मेंदूत खसखशीएवढी एक ग्रंथी,
रात्र असेतो मेलाटोनिन पाझरते, उजाडलं की थांबते.
किती पाझरलं याचं फारसं काही नाही,
किती वेळ, ते बघतं शरीर.
लांबलचक पाझर म्हणजे थंडी.
मग आवराआवर.
वजन उतरतं, अंगावर पांढरं चढतं,
नराचं वृषण पावट्याचं मसुराएवढं होतं,
माद्या पाठ फिरवून झोपतात.
भांडण नाही, विरह नाही.
दुकान बंद, फळ्या लावलेल्या.

माझे वडील इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करायचे.
दिवसा खिडकीला चादर लावून झोपायचे,
आम्ही पोरं कुजबुजत जेवायचो.
त्यांची खसखस काय मोजत असेल
हे मला इथे आल्यावर सुचलं,
ते जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

ऑक्टोबरात एकतीस नंबरचा डोळा चिकटला.
रात्री एकला जाऊन थेंब घालायचे,
लाल विजेरीत. लाल त्यांना दिसत नाही म्हणे.
तिचे सेल संपले. मागवले, आले नाहीत.
मी फोनचा दिवा लावला, दोन मिनिटं,
तळहाताआड, वाऱ्यातून निरांजन न्यावं तसा.
डोळा तिसऱ्या आठवड्यात बरा झाला.
मी जात राहिले.
बासष्ट रात्री.

डिसेंबरच्या मध्याला इशबेलबाई पिंजरे बघत आल्या.
वरचे तीन कप्पे पिंजलेल्या कापसासारखे.
खालचा कप्पा तपकिरी,
आणि एकतीस नंबर शेजारणीच्या जाळीला नाक लावून उभा.
"इथे कुणीतरी उन्हाळा आणलाय," त्या म्हणाल्या,
रागाने नाही,
गॅस गळतोय वाटतं, असं म्हणावं तशा.
मी सांगितलं. इंग्रजी अडखळलं,
'दोन मिनिटं' तेवढं स्वच्छ आलं.
रात्र मधोमध चिरली, त्या म्हणाल्या,
की दोन छोट्या रात्री होतात, मिसेस तारळेकर,
आणि त्या जोडून एक मोठी होत नाही.
खालचा कप्पा हिशेबातून गेला. तीस जनावरं.
वहीत त्यांनी माझं नाव लिहिलं नाही.
ते जास्त लागलं.

आता मार्च. वरचे कप्पे
आपोआप तपकिरी व्हायला लागलेत.
दिवा तोच, नऊ ते पाच. माझ्याकडे नव्या सेलांची लाल विजेरी.
रात्र सोळा तासांचीच, पाझरही तेवढाच,
पण शरीराने ऐकायचं सोडलंय.
पाच-सहा महिने एकच गोष्ट कानावर पडली
की घरातली माणसं सोडतात तसं.
बिळातल्याला उजेड यायच्या आधी तयार व्हावं लागतं,
त्याच्यापर्यंत कोण निरोप आणणार?
मसुराचा पावटा होतोय
न विचारता.

माझी पाळी जूनपासून आलेली नाही.
रात्रपाळी तेवढी आहे.
सहाला कुलूप लावून बाहेर पडले तर उजाडत होतं,
सीगल कचऱ्याच्या पिशवीवरून भांडत होते,
एकाच्या चोचीत चिप्सचा अख्खा डबा.
आज खिडकीला चादर लावायची की नाही
हे बसस्टॉपपर्यंत ठरलं नाही.